‘कॅमेरा भारी घे, बाकीचं एडिटमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांसाठी

लग्नाचा सीझन ओसरला की व्हिडिओग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. कंपन्यांच्या इंटरव्ह्यूचं काम सोपं, साहेब एका जागी बसून बोलतात. फुल-फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरचा) 4के कॅमेरा आणि एफ 1.4 ची लेन्स घ्या (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), कॅमेऱ्यावर शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माइक लावा, सेकंदाला 60 फ्रेमला शूट करा. लाइटचं ओझं नको, आताचे कॅमेरे अंधारातही बघतात. आवाजात काही राहिलंच तर एआय साफ करतं. आणि भाड्यात पैसे घालवू नका, एकदाच काय ते घेऊन टाका. परवा माझ्याच एका असिस्टंटने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, कर्ज काढू का?” त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

आधी ते ‘सोपं काम’. लग्नाच्या फिल्मवर गाणं चढवता येतं. भटजींचा आवाज फाटला, जनरेटर घरघरला, तरी सनई आहेच झाकायला. इंटरव्ह्यूवर चढवायला काही नसतं, तिथे बोलणं हाच माल. त्यामुळे खरेदीची यादी कॅमेऱ्यापासून सुरू करणारा मेसेज मला पहिल्याच ओळीत उलटा वाटतो.

म्हणून मी माइकपासून सुरू करतो. शॉटगन लांबचा आवाज ओढून आणतो, हा समज कुठून आला कोण जाणे. तो ओढत काही नाही, बाजूचे आवाज थोडे कमी घेतो इतकंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. कॅमेरा साहेबांपासून दोन मीटरवर आणि कॉलर माइक तोंडापासून 20 सेंटिमीटरवर धरला, तर अंतराचा फरक दहा पट, म्हणजे 20 डेसिबल. खोलीचा घुमारा आणि एसीची घरघर मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढीच. आपल्याकडच्या कॉन्फरन्स रूम आठवा: तीन बाजूंना काच, खाली टाइल्स, मधोमध गुळगुळीत टेबल. अशा खोलीत आवाज भिंतींवरून आपटून सगळीकडून येतो आणि शॉटगनच्या लांब नळीचं गणितच बिघडतं. तोच माइक बूमवर, म्हणजे लांब दांडीवर, फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला, तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणला की चित्र बदलतं. लहान खोलीत तर आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक शॉटगनपेक्षा बरा वागतो. दोन्ही लावा, बूम आणि कॉलर, वेगवेगळ्या ट्रॅकवर. एक दगा देतो तेव्हा दुसरा असतो.

दगा कसा देतो ते माझ्याच चुकीतून सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात एचआरच्या मॅडमचा इंटरव्ह्यू होता. रेशमी साडी, मंगळसूत्र आणि गळ्यात कंपनीचं आयकार्ड. मी कॉलर माइक लावला, लेव्हल पाहिली आणि हेडफोन मानेवर टाकून कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत बसलो. बूम आणली नव्हती, ‘एकाच माणसाचं तर आहे’ म्हणून. मॅडम हात हलवत मनापासून बोलल्या. दर वाक्याला आयकार्ड माइकवर टक् करून आपटत होतं, ते मला रात्री एडिटला बसल्यावर कळलं. मग एआयवाल्या सॉफ्टवेअरला दिलं. टकटक बरीच गेली, पण शब्दांच्या शेवटचे ‘स’ आणि ‘श’ही तिच्याबरोबर गेले आणि मॅडम बंद डब्यातून बोलल्यासारख्या ऐकू यायला लागल्या. पुन्हा वेळ मागितली, त्यांनी दिलीही, पण दुसऱ्यांदा ती गोष्ट पाठ केल्यासारखी बाहेर आली. तेव्हापासून माझा नियम: आयकार्ड काढायला सांगायचं, मंगळसूत्र पदराआड घ्यायची विनंती करायची, आणि हेडफोन कानावर. स्थिर घरघर एआय चांगली कमी करतं, हे मी नाकारत नाही. घुमारा आणि कपड्यांची सळसळ हे वेगळं दुखणं आहे.

वायरलेसचं थोडं. छोटे सेट बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि ऑफिसचं वायफायही तिथेच गर्दी करून असतं. त्यात ट्रान्समीटर कमरेला पाठीमागे आणि रिसीव्हर समोर, मध्ये आख्खा माणूस. आवाज तुटू शकतो. म्हणून ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा सेट घ्यावा. कॅमेऱ्याची ऑटो लेव्हल बंद ठेवा. माणूस श्वास घ्यायला थांबला की ती एसीचा आवाज वर खेचते.

लाइट नको, हा मुद्दा अर्धा खरा आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, वाढवला की चित्र उजळतं, पण प्रकाश कुठून येतो ते बदलत नाही. ऑफिसातला प्रकाश छतातून सरळ डोक्यावर पडतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, टक्कल मात्र चकचकीत. (टक्कल असलेल्या साहेबांना हे आवडत नाही, आणि बिल तेच पास करणार असतात.) खिडकीजवळ बसवलं तर ढग आला-गेला की चेहरा बदलतो, आणि दहाव्या मिनिटाचं वाक्य दुसऱ्या मिनिटाच्या वाक्याला जोडता येत नाही. पावसाळ्यात हे फार होतं. डोक्यावरचे पॅनल बंद करा, पडदे ओढा, एका बाजूने मोठ्या सॉफ्टबॉक्समधून एक एलईडी आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता. एवढ्यात निम्म्याहून जास्त काम होतं. एलईडीचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं 100 पैकी माप) 95 च्या आसपास असावा, स्वस्तात त्वचेवर हिरवट झाक येते. रिंग लाइट आणू नका. चष्म्यात दोन पांढऱ्या बांगड्या दिसतात आणि त्या एडिटमध्ये निघत नाहीत.

आता 60 फ्रेम. हा सल्ला अमेरिकी यूट्यूबवरून उचललेला असावा असा मला दाट संशय आहे. तिथे वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50. आपले दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. 60 फ्रेमला नेहमीच्या सवयीने शटर 1/120 सेकंद ठेवलं की स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं किंवा पट्ट्या सरकतात. 25 फ्रेम, शटर 1/50, विषय संपला. बोलणाऱ्या माणसाला स्लो मोशनमध्ये कोण बघणार आहे?

4के बद्दल भांडण नाही. 3840 बाय 2160 मधून एचडीची फ्रेम कापून जवळचा शॉट करता येतो, मीही करतो. पण तो दुसरा अँगल नव्हे, त्याच अँगलचा मोठा तुकडा आहे. साहेबांच्या उत्तरातून मधलं वाक्य काढायचं असेल तर जोड झाकायला दुसरा कॅमेरा बाजूला असलेला बरा, आणि दोन्हींचा व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक ठरवणारं सेटिंग) ऑटोवर न ठेवता एकाच केल्विन आकड्याला. कार्डांचा हिशेबही धरा: सेकंदाला 100 मेगाबिटने एका तासाचे 45 जीबी होतात, दोन कॅमेऱ्यांचे 90. एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा मला फुल-फ्रेमपेक्षा महत्त्वाचा वाटतो. शिवाय तो न थांबता किती वेळ चालतो ते विचारा. बरेच जुने मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप बंद होतात, कारण अर्धा तास ओलांडला की युरोपात त्यांच्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याचं शुल्क लागायचं. गरम होणं तर वेगळंच. 2020 मधल्या कॅनन आर5 साठी कंपनीनेच 8के ला 23 अंशांत सुमारे 20 मिनिटं ही मर्यादा दिली होती. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये 23 अंश कुठून आणणार?

आणि ती एफ 1.4. फुल-फ्रेमवर 85 एमएम, अंतर दोन मीटर: पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण साडेचार सेंटिमीटर. साहेब जोशात पुढे झुकले की कान स्पष्ट आणि डोळे धूसर. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बराच सांभाळतो, पण मागच्या भिंतीवरचा कंपनीचा लोगो धुक्यात जातो तो जातोच, आणि मार्केटिंगवाल्यांना लोगोच हवा असतो. एफ 4 ला तोच पट्टा 13 सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे 24-70 आणि 70-200 एमएम या एफ 2.8 च्या झूम लेन्सवर काम निभतं.

उरलं भाडं. जे दर कामाला लागतं आणि पाच-सात वर्षं जुनं होत नाही ते विकत घ्यावं: दोन माइक, रेकॉर्डर, बंद कपांचे हेडफोन, दणकट ट्रायपॉड, एक चांगला लाइट, कार्डं. कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स कामानुसार भाड्याने. मुंबईत अंधेरीला आणि पुण्यातही हे सहज मिळतं, आणि दोन-तीन कॅमेरे वापरून झाले की आपल्याला काय हवंय ते आपोआप कळतं. फक्त आदल्या दिवशी सामान आणून घरी एकदा तासभर सलग रेकॉर्ड करून बघा, जिथे शूट आहे तिथला एसी बंद होतो का हे फोन करून विचारा.

असिस्टंटने कर्ज काढलेलं नाही. त्याने हेडफोन आणि एक कॉलर माइक घेतला, आणि पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर येतोय, बूम धरायला.