नापास गाडी घरी कशी न्यायची?

खाजगी गाडीवर सरकारचा विश्वास पंधरा वर्षं टिकतो. आरसीवर तेवढीच मुदत लिहिलेली असते. त्यापुढे गाडी चालवायची हौस असेल तर २५ नंबरचा फॉर्म भरायचा, पर्यावरण कर भरायचा, गाडी आरटीओच्या मैदानावर हजर करायची आणि ती पास झाली तर आणखी पाच वर्षं पदरात पाडून घ्यायची. नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती, १ एप्रिल २०२२पासून ती पाच हजार झाली. भंगारवाल्याने आमच्या गाडीचा जो भाव सांगितला होता, त्यातून ही फी, कर आणि नव्या नंबरप्लेटचे पैसे वजा करून बायकोने मला एक आकडा दाखवला. तो मी इथे लिहीत नाही.

तरी गाडी ठेवायचीच असं मी ठरवलं. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, तिचा एसी अजून नागपूरच्या बर्डी बाजारापर्यंत गार करतो. परत येताना काचा उघडता येतात.

वाहन कायदा ज्या खात्याकडे, त्या खात्याचे मंत्री नितीन गडकरी २०१४पासून आमच्या नागपूरचेच खासदार. त्यामुळे मोटार वाहन कायद्यावर मत देणं हा प्रत्येक नागपूरकराला घरगुती हक्क वाटतो. २०१९मध्ये दंड वाढले तेव्हा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जी चर्चा झडली, तेवढी बहुधा संसदेतही झाली नसेल. तिथेच मला सल्ला मिळाला होता की गाडी धुवून न्या, साहेब लोक चमक बघतात.

साहेब लोक चमक बघत नाहीत. आमच्या वाट्याला आलेले मोटार वाहन निरीक्षक माझ्या मुलाच्या वयाचे होते, बोलायला अत्यंत गोड आणि कामाला तितकेच कडक. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा आरसीशी ताडून पाहिला. पीयूसी पाहिलं, विमा पाहिला. दिवे लावायला लावले, वायपर फिरवायला लावला. वायपर अर्ध्या काचेपर्यंत गेला आणि थबकला. डावा इंडिकेटर मनात असेल तेव्हा लागत होता. मग हँडब्रेक ओढायला सांगून त्यांनी गाडीला मागून एका हाताने ढकललं. गाडी निघाली. मी आत, हँडब्रेक पूर्ण वर, आणि आम्ही शांतपणे पुढे सरकतोय.

"सर, नागपुरात चढ आहेच कुठे?" मी म्हटलं. "सेमिनरी हिल्स सोडलं तर हँडब्रेकचा प्रसंगच येत नाही."

"काका, उड्डाणपुलावर ट्रॅफिक तुंबतं तेव्हा मागच्याला येतो प्रसंग," ते म्हणाले आणि लिहायला लागले. हॉर्न मात्र पहिल्या झटक्यात पास झाला. नागपुरातल्या गाडीचा हॉर्न नापास होईल हे संभवतच नाही.

कागद माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "घेऊन जा, दुरुस्त करा आणि परत आणा."

घेऊन जा म्हणजे कशी? गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची नाही, असं नुकतंच लेखी ठरलं होतं. आरटीओचं मैदान आणि आमच्या मिस्त्रीचं गॅरेज यांच्या मध्ये अर्धं नागपूर होतं, आणि त्या अर्ध्या नागपुरात रस्त्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, कायले टेन्शन घेता? हळूहळू चालवत आना. कोन पायते?"

मग शेजारच्या निवृत्त वकील काकांना लावला. तिथेच घोळ झाला. काकांना कोर्ट सुटल्यापासून कोणी कायदा विचारलेला नाही, त्यामुळे विचारणाऱ्याला ते अर्ध्यात सोडत नाहीत. "मुदत संपली का आरसीची?" नाही, अजून पंधरवडा आहे. "मग नोंदणी जिवंत आहे. तपासणीत नापास झाली म्हणून आजच्या आज मरत नाही. मुदत संपल्यावर चालवली असती तर कलम १९२, पहिल्या खेपेला पाच हजारांपर्यंत. ते तुम्हाला लागत नाही." मी चावी लावली. "थांबा. कलम १९०."

कलम १९० हा मोटार वाहन कायद्यातला माझ्या मते सगळ्यात पाताळयंत्री मजकूर आहे. गाडीतला दोष चालकाला माहीत असेल, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, आणि त्या दोषामुळे गाडी धोकादायक ठरत असेल, तर ती सार्वजनिक ठिकाणी चालवणं हा गुन्हा. दंड दीड हजार. कुणाला इजा झाली तर तुरुंगापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. "आता गंमत बघा," काका खुलले होते. "सकाळी येताना हँडब्रेक असाच होता. पण तुम्ही म्हणू शकला असता, मला कल्पना नव्हती. आता कसं म्हणाल? दोषांची यादी सहीशिक्क्यानिशी तुमच्याच खिशात आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी त्याच कागदाची झेरॉक्स मागेल."

म्हणजे तपासणीने गाडी तसूभरही बिघडली नव्हती. बिघडलो होतो मी. आलो तेव्हा अज्ञानी नागरिक होतो, आता जाणता आरोपी झालो होतो. यादी फाडून टाकायचा विचार मनात आला, पण माहिती अशी फाडता येत नाही.

सावलीत बसून बहिणीच्या मुलाला व्हॉट्सअॅप कॉल केला. तो लेस्टरला असतो. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते. "मामा, आमच्याकडे हे दरवर्षीचं आहे," तो म्हणाला. त्याला एमओटी म्हणतात. १९६०मध्ये सुरू झाली तेव्हा दहा वर्षांच्या गाड्यांना होती, आता गाडी तीन वर्षांची झाली की लागू. २०१८पासून तिथे दोषांची प्रतवारी केली आहे: धोकादायक, मोठा, किरकोळ. किरकोळ असेल तर गाडी पास. मोठा असेल तर नापास, पण जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असेल आणि यादीत धोकादायक काही नसेल, तर गाडी घेऊन जाता येते, अर्थात ती रस्त्यावर चालण्याजोगी हवी. मुदत संपली असेल तर फक्त दुरुस्तीला किंवा आधी ठरवलेल्या तपासणीला नेता येते. आणि धोकादायक लिहिलं असेल तर गाडी जागची हलवायची नाही. हलवली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर तीन गुण, शिवाय लायसन्स जायचीही भीती. मला ही प्रतवारी फार आवडली. वायपर आणि ब्रेक एकाच यादीत, एकाच शाईत लिहिले की माणूस दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करतो.

"पण तुमचे तपासणारे कुठे बसतात?" मी विचारलं. गॅरेजमध्येच, तो म्हणाला. परवानाधारक गॅरेजवालाच तपासतो आणि बहुतेक ठिकाणी तोच दुरुस्तही करतो. म्हणजे परत कसं जायचं हा प्रश्न त्यांच्याकडे अर्धा सुटलेलाच असतो.

टोचन लावून न्यावी, असं मला सुचलं. काकांना पुन्हा फोन. काका म्हणाले, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि ओढून न्यायची ती बंद पडलेली गाडी. "तुमची तर चालू आहे." म्हणजे चालू गाडी चालवायची नाही कारण ती नापास, आणि ओढायची नाही कारण ती चालू.

एवढ्यात मागून काकू फोनवर आल्या. त्यांनी स्पीकरवरून सगळं ऐकलं होतं. "त्या कलम १९२मध्ये आजारी माणसाला तातडीने नेत असाल तर सूट आहे म्हणे, मी आजारी पडते, येऊ का रिक्षाने?" काकूंचं मन मोठं. पण ते कलम आपल्याला लागतच नाही, आणि लागलं असतं तरी सात दिवसांत प्राधिकरणाला कळवावं लागतं, असं काकांनी सांगितलं. काकू हिरमुसल्या.

शेवटी मिस्त्रीलाच बोलावला. तो स्कूटरवर हँडब्रेकची केबल आणि हत्यारांची पिशवी घेऊन आला, कडुनिंबाखाली गाडीच्या पोटाखाली शिरला आणि तिथून बाहेर येईपर्यंत माझ्याबद्दल बरंच काही पुटपुटत होता. केबल बदलली, इंडिकेटरचं वायरिंग बांधलं. वायपरला त्याने हात लावला नाही. "मे मयन्यात पानी कुठचं, साहेब?" या युक्तिवादापुढे काकाही गप्प बसले. गाडी आता निदान धोकादायक नव्हती, मुदत शिल्लक होती, आणि मी ती ताशी तीसच्या वेगाने गॅरेजपर्यंत नेली. मागून येणाऱ्या पोट्ट्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. मीही वाजवला. माझाच तेवढा पास होता.

पुढच्या तपासणीत गाडी पास झाली. निरीक्षकांनी पुन्हा मागून ढकललं, गाडी ढिम्म हलली नाही, आणि मला उगाच अभिमान वाटला. पाच वर्षं मिळाली.

घरी ही बातमी सांगितल्यावर बायकोने शांतपणे माझं लायसन्स काढून पुढे ठेवलं. त्याचीही मुदत त्याच महिन्यात संपत होती. पंचावन्न ओलांडलेल्या माणसालाही पाचच वर्षं मिळतात, आणि डॉक्टरांनी तपासून भरलेला १-अ नंबरचा फॉर्म लागतो. पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, असाही एक प्रश्न असतो. तिने मला गेटपाशी उभं केलं आणि समोरच्या बंगल्यातल्या गाडीचा नंबर वाचायला सांगितला. मी वाचला. तिने जवळ जाऊन पाहिलं आणि परत येऊन माझ्या हातातली चावी काढून घेतली.

"डॉक्टरांकडे मी चालवते," ती म्हणाली. "तुम्ही नापास झालात तर तुम्हाला परत कसं आणायचं, ते कोणत्या काकांना विचारू?"