नुसत्या पाठीवर जाऊ नका
ॲलन्स आणि रूफस या हमिंगबर्डच्या दोन जातींचे नर कसे ओळखायचे, तर पाठ हिरवी तो ॲलन्स आणि तांबूस तो रूफस, असं त्यांच्यावरच्या लेखात म्हटलंय. इतकं सोपं नाही हो! रूफसच्या काही नरांची पाठही बरीच हिरवी असते. मुलीकडे लॉस एंजेलिसला मी असाच फसलो. खरी खूण शेपटीत: मधल्या जोडीला लागून असलेल्या पिसाला टोकाजवळ खाच असली तर रूफस. ॲलन्सला ती नसते, आणि कडेची पिसं काडीसारखी बारीक. पण शेपूट फुलवलेला फोटो मिळायला हवा ना! माद्यांचं तर नावच सोडा.

बाकी, कोथरूडला आमच्या जास्वंदीवर येणारा 'हमिंगबर्ड' सोसायटीच्या ग्रुपवर सारखा झळकतो. अहो, तो शिंजीर! हमिंगबर्ड दोन्ही अमेरिकांबाहेर सापडतच नाहीत.