व्यवसाय: गृहिणी

परवा बँकेत एका साहेबाने माझा व्यवसाय खोडला. अक्षरशः खोडला. मी फॉर्मवर छान गोल अक्षरात 'कंटेंट क्रिएटर' लिहिलं होतं, त्याने त्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं 'गृहिणी'. म्हटलं साहेब, मी कमवते. तर म्हणे, "ताई, सिस्टीममध्ये तो ऑप्शनच नाही." आता घरी सहा माणसांच्या भाकरी मीच थापते, त्यामुळे खोटं लिहिलं असंही म्हणता येईना, आणि जास्त राग त्याचाच आलाय.

झालं असं की यूट्यूबचे माझे पहिले पैसे डॉलरमध्ये येऊन बँकेत अडकले होते, ते कशाचे हे लिहून द्यायचं होतं. दीड वर्ष खान्देशी स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतेय. जाहिरातीतला वाटा मिळायला आधी १००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४००० तास लोकांनी बघितलेलं लागतं, मग १० डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, आणि १०० डॉलर साठेपर्यंत तर दमडी हलत नाही. तोवर आमच्या अमळनेरात दोन पावसाळे होऊन गेले.

तर मी बाकड्यावर बसले. शेजारी एक बाबा, धोतर, टोपी, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय करस वं माय तू?"

"व्हिडिओ करते बाबा, मोबाइलवर."

"म्हंजे पिच्चर?"

"नाही हो. भरीत कसं करायचं ते दाखवते."

"भरीतना पिच्चर!" बाबांनी अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं सांगितलं. "आनि पैसा बाहेरथून येस? तठे वांगा नही भेटतस का?"

मला खरंतर गप्प बसायला हवं होतं. पण दीड वर्षात घरातल्या कुणी हा प्रश्न नीट विचारला नव्हता, सासूबाईंना अजून वाटतं मी फोनशी बोलत बसते, म्हणून मी सांगायला लागले. की व्हिडिओवर जाहिराती येतात, त्या पैशातले शंभरात पंचावन्न मला, बाकी त्यांना.

"बटाई!" बाबा एकदम खुलले. "बी, खत कोनं?"

"माझंच. वांगी, तेल, शेंगदाणे, मोबाइल, नेटचा रिचार्ज."

"आनि वावर त्यास्नं. बरं."

हे 'बरं' मला फार लागलं. म्हणून मी घाईघाईने बाकीचं सांगितलं, की एकाच पिकावर नाही ना बसायचं बाबा, छोट्या व्हिडिओंचे वेगळे मिळतात (तिथे वाटा पंचेचाळीसवर येतो, ते मी गिळलं), मेंबरशिप असते तिच्यात सत्तर टक्के आपले, मग खाली लिंक टाकायची, लोकांनी त्यावरून कढई घेतली की कमिशन, आणि कंपन्या पैसे देऊन व्हिडिओ करून घेतात ते निराळं. बाबा म्हणाले म्हणजे कापसात मूग, तूर, बांधावर भेंडी. मी म्हटलं अगदी तस्सं. "मग कितला मूग व्हयना?"

आता काय सांगू? मेंबरशिपमध्ये एकटी माझी बहीण आहे, सुरतेची. कढई आजवर कुणी घेतली नाही. आणि एका मसालेवाल्याने दोन पाकिटं पाठवून तीन व्हिडिओ मागितले, पैशाचं विचारलं तर म्हणे मॅडम प्रमोशन होईल ना तुमचंच. प्रमोशन काय कळण्याच्या भाकरीला लावून खायचं? दुकानात जाऊन म्हणावं की भाऊ एक लिटर तेल द्या, मी चारचौघांत तुमचं नाव घेईन! पण जाऊ द्या.

"आठ हजार आणि काही," मी पुटपुटले, "सगळं मिळून. दीड वर्षाचे."

बाबांनी बोटांवर मोजलं. पीएम किसानचे वर्षाला ६०००, म्हणजे दीड वर्षाचे ९०००. "मी ते काहीच करत नही," ते अगदी प्रेमाने म्हणाले.

मग म्हणे दाखव. मी चुलीवरच्या भरताचा व्हिडिओ लावला, लागली आधी ट्रॅक्टरची जाहिरात. बाबांनी ती डोळे लावून बघितली आणि किंमत किती ते बघायला जाहिरातीवरच बोट दाबलं. मी किंचाळले. आपल्याच चॅनलवरच्या जाहिराती आपण दाबायच्या नसतात, चॅनलची कमाई बंद होऊ शकते, आणि हे तर माझ्याच फोनवरून! सगळी लाइन वळून बघायला लागली, साहेब काचेमागून म्हणाला "मॅडम, आवाज." गृहिणीची मॅडम झाले तेवढ्यापुरती.

कसाबसा व्हिडिओ सुरू केला. तुरकाठ्यांवर वांगी भाजली गेली, बाबांनी मान डोलावली. लसूण-मिरची, मान डोलावली. मग आला टमाटा. भरतात टमाटा आम्ही सात जन्मात घालत नाही, पण कमेंटमध्ये पुण्याच्या चार जणींनी मागितला होता आणि व्ह्यूजसाठी मी तेही केलं.

बाबांनी मान डोलवायची थांबवली, फोन माझ्या मांडीवर ठेवला, पासबुक काखेत मारलं.

"यान्हा पैसा देतस त्या?"