खुर्चीचं हाफ तिकीट

खुर्चीचं हाफ तिकीट काढावं लागलं, त्याचं एक वेळ मी सोडून देईन. पण त्या खुर्चीवर बसून भलताच माणूस घरी आला आणि मी त्याच्या शेजारी दांड्याला लोंबकळत आलो, हे काही मी इतक्यात विसरणार नाही.

प्रकरण एवढंच. तलावाकाठच्या आमच्या फ्लॅटला बाल्कनी आहे आणि बाल्कनीत बसायला काही नव्हतं. म्हणून बेळगावच्या रविवार पेठेतून प्लास्टिकची एक खुर्ची घेतली. रिक्षावाल्यानं खुर्चीच्या किमतीला लाजवेल असं भाडं सांगितलं, तेव्हा खुर्ची खांद्यावर घेऊन सिटी बसच्या थांब्यावर आलो. वसाहतीचं नाव सांगत नाही. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर गिऱ्हाईक हे वाचून यायचं.

थांब्याला शेड आहे. शेडमध्ये पूर्वी बाक होता. आता जमिनीत चार बोल्ट आहेत, त्यावरून बाक कुठे होता हे कळतं. मी खुर्ची बोल्टांच्या शेजारी ठेवली, पिशवी सावरली, रुमाल काढून घाम पुसला. एवढ्यात मागून आवाज आला.

"कुणाची ओ ही खुर्ची?"

"माझी."

"बरं झालं," असं म्हणून गृहस्थ बसले.

सत्तरीचे असावेत. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, भर मे महिन्यात. हे आमच्याच वसाहतीतले, 'बी' विंगचे अप्पा. मी त्यांना लांबून ओळखत होतो आणि लांबूनच ओळखावं अशी त्यांची ख्याती आहे. कारण त्यांचा धाकटा मुलगा लंडनला असतो आणि अप्पा तिकडे तीन महिने राहून आलेत.

"ह्या गावाचं काय खरं न्हाई बगा," अप्पांनी पाय लांब केले. "आमचा धाकटा जिथं कामाला हाय न्हवं, कॅनरी वॉर्फ, तिकडं असंच हाय. पाणी, बिल्डिंग, पाणी, बिल्डिंग. पण मधनं गाडी! आणि गाडीला डायवरच न्हाई!"

शेजारी फुलांची रिकामी बुट्टी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. जमिनीवर, अर्थातच. त्यांनी विचारलं, "मग चालवतंय कोण?"

"कॉम्प्युटर."

"आणि कंडक्टर?"

"एक माणूस असतोय आत. दारं लावतोय, तिकीट बघतोय."

"मग हाय की माणूस! उगंच न्हाई म्हणून कशाला सांगतासा?"

अप्पांनी मावशींकडे दुर्लक्ष केलं आणि मला म्हणाले, "डायवर न्हाई म्हटल्यावर पुढची जागा मोकळी. मी रोज पुढं बसायचो. समोर अखंड काच. असा." आणि त्यांनी उठून खुर्ची उचलली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली, पुन्हा बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. एक टेंपो गेला, एक वडाप गेलं, मग उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर गेला. अप्पा तिघांकडेही थेम्स नदी बघावी तसे बघत होते. मी जरा पुढे होऊन बस येतेय का पाहिलं, तर म्हणाले, "थोडं बाजूला सरका ओ, व्ह्यू जातोय."

माझ्या खुर्चीवरून. मला.

"आधी गाडी, मग घर," अप्पा सांगत होते. "तिकडची रीतच तशी. आपल्याकडं आधी घर, मग कर्ज, मग गाडीची वाट."

थांब्यावर कॉलेजची एक मुलगी होती. इतका वेळ मोबाइलमध्ये बघत होती, ती वर न बघताच म्हणाली, "अप्पा, तसं काही नाही लिहिलेलं इथं. गाडी १९८७ ला सुरू झाली खरी, पण तेव्हा सगळ्या मिळून ११ गाड्या आणि एकेका गाडीला एकच डबा."

"तवा आमचा पोरगा तिकडं न्हवता," अप्पा म्हणाले.

घरी आल्यावर मीही हे वाचून काढलं, रागाच्या भरात माणूस पुष्कळ वाचतो. लंडनची ती जुनी गोदी १९८१ पर्यंत बंद पडली होती. तिथे कोण राहायला येणार, या हिशेबानं ७ कोटी ७० लाख पौंडांत एक हलकीफुलकी रेल्वे टाकली. १५ स्टेशनं, एका डब्यापुरते फलाट. गाडी सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी कॅनरी वॉर्फचे टॉवर उभे राहायला लागले आणि ती गाडी पुरेना. नव्याकोऱ्या रेल्वेचे फलाट तोडून लांब करावे लागले, १९९१ मध्ये मार्ग जमिनीखालून थेट बँक स्टेशनपर्यंत न्यावा लागला. तरी १९९२ मध्ये टॉवर बांधणारी कंपनी बुडाली. मंदी होतीच, पण मोठी मेट्रो आल्याशिवाय तिथे ऑफिस थाटायलाही लोक नाखूश होते. ती मेट्रो आली १९९९ मध्ये. आणखी एक लाइन आली २०२२ मध्ये, अप्पांचा मुलगा बहुतेक त्याच गाडीनं जातो. म्हणजे आधी घर आणि मग गाडी हे तिकडेही झालंच. पण तिकडे फलाट लांब केला. आमच्याकडे बाक काढून नेला.

हे मला थांब्यावर ठाऊक असतं तर मी अप्पांना उठवलं असतं.

"मी म्हणतोय," हेल्मेट हातात घेतलेला एक पोरगा मध्ये पडला (याची मोटरसायकल गॅरेजमध्ये होती, नाहीतर तो आमच्यात कशाला येतोय), "आपल्या तलावात बोट सोडावी. कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रो हाय. बॅटरीवरची बोट, आत एसी."

"बोटीतनं कुठं जाणार?" मावशी.

"पलीकडच्या काठाला."

"पलीकडं तरी बस कुठाय रे बाबा?"

बोटीचा विषय तिथेच बुडाला.

तलावाचं आपल्याकडे एक आहे. काठावर फरशी बसवायची, दिवे लावायचे, चालायला वाट करायची, याला पैसा निघतो. बेळगावचं नाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं, तेव्हा पेढे वाटले होते लोकांनी. किल्ला तलावाच्या काठी २०१८ मध्ये ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. छान दिसतो, पाहुण्यांना मीच नेऊन दाखवतो. आमच्या तलावालाही चालायची वाट आहे. संध्याकाळी लोक तिथे मोटारीनं चालायला येतात. तलावाभोवती चालता येतं, तलावापर्यंत मात्र चालावं लागतं. आणि डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की गावात बंदोबस्त, पोलिसांनी भरलेल्या गाड्या. त्या दिवसांत या गावात किती गाड्या आहेत हे पाहून ऊर भरून येतो. मग अधिवेशन संपतं.

बस आली. थांब्यावर थांबली असती तर तिला बस कोण म्हणालं असतं? ती चांगली पन्नास पावलं पुढे जाऊन थांबली. सगळे पळाले. अप्पा सगळ्यांच्या पुढे. सत्तरीचा माणूस इतका पळतो म्हणजे त्याला खुर्चीची गरजच काय होती? पळता पळता मागे वळून मला ओरडून म्हणाले, "खुर्ची आणा की ओ!"

आणली.

कंडक्टरनं दारातच पाहिलं आणि खुर्ची कुणाची ते कानडीत विचारलं. "यजमान्रे, कुर्ची यार्दरी?"

अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मालकी पहिल्यांदाच माझ्याकडे आली.

"हाफ तिकीट होतंय खुर्चीला," कंडक्टर मशीनची बटणं दाबत म्हणाला. मी म्हटलं, अहो, वजन नाही तिला काही. म्हणाला, "वजन न्हाई, जागा हाय." यावर काय बोलणार! मी पन्नासची नोट दिली. त्यानं माझं एक आणि खुर्चीचं एक अशी दोन तिकिटं दिली आणि बाकी माझ्या तिकिटाच्या पाठीमागं पेनानं लिहिली. ती बाकी अजून तिथेच आहे. ५ जानेवारी २०२५ पासून तिकीट १५ टक्क्यांनी वाढलंय, पण सुट्टे तेवढ्या प्रमाणात वाढलेले नाहीत.

अप्पांनी कार्ड काढलं. ज्येष्ठ नागरिक, २५ टक्के सूट. कॉलेजच्या मुलीला झिरो तिकीट. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साधी बस फुकट आहे. आमच्या घरात तेव्हापासून पैसे पडणारा प्रवासी मी एकटाच. माझी काही तक्रार नाही. बायकांची गर्दी वाढली म्हणून कुरकुरणारे पुरुष मला आवडत नाहीत, त्या आधी घरात बसत होत्या म्हणून तुम्हाला जागा मिळत होती. गर्दी वाढली तर गाड्या वाढवा, एवढंच म्हणणं.

पण फुलवाल्या मावशींचं आधारकार्ड निघालं शिनोळीचं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मावशींचं माहेर बेळगावात, लेक दिलेली आमच्या वसाहतीत, फुलं विकतात गणपत गल्लीत. पण पत्ता शिनोळीचा. तिकडच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. इकडच्या बसमध्ये इकडच्या बायका फुकट. मावशी इकडच्या बसमध्ये तिकडच्या, म्हणून पूर्ण.

मावशींनी पैसे मोजून दिले आणि माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "हिला बरं अर्धं पडलं. ही शिनोळीची न्हाई वाटतं."

मी खुर्ची मधल्या वाटेत ठेवून दांडा धरतोय, तोवर अप्पा तिच्यावर बसले होते.

"अप्पा, अहो..."

"मोकळीच न्यायची काय? तिकीट काढलंय न्हवं तिचं?"

"मी काढलंय."

"मग तर झालंच की."

मी आशेनं कंडक्टरकडे पाहिलं. त्यानं क्षणभर विचार केला. सरकारी माणूस विचार करायला लागला की भीती वाटते. "बगा," तो म्हणाला, "अप्पांचं तिकीट हाय. खुर्चीचं तिकीट हाय. दोघंबी बरोबर हायत." आणि माझं? "तुमचंबी हाय की. मुंदक होग्री, मुंदक!" आणि मला पुढे ढकलून त्यानं घंटी मारली. रैट!

पुढचा सगळा रस्ता अप्पा वळणावळणाला खुर्चीसकट माझ्या पायावर घसरत होते आणि प्रत्येक वेळी "जपून ओ" असं मलाच सांगत होते.

कमानीपाशी बस थांबली. लास्ट स्टॉप. वसाहत तिथून पुढे दीड किलोमीटर. ही फेरी ठरली तेव्हा कमानीच्या पुढे भातशेती होती, म्हशी होत्या, तलाव होता. शेती गेली, पाच-पाच मजले आले, म्हशीही बहुतेक पार्किंगमध्ये गेल्या, पण कागदावर अजून कमानीशी गाव संपतं. विचारायला गेलं की सांगतात, गाडी वळवायला जागा नाही. जागा दाखवली तर सांगतात, आतले रस्ते बिल्डरनं अजून सोपवलेले नाहीत, खाजगी रस्त्यावर गाडी कशी घालू? बिल्डरला विचारलं तर म्हणतो, आधी बस आणा, मग फ्लॅट खपतील, मग सोपवतो. जाहिरातीत मात्र 'सिटी बस हाकेच्या अंतरावर' असं छापलंय. हाक कुणी मारायची ते छापलेलं नाही. पावसाळ्यात शाळेची पोरं हा दीड किलोमीटर चिखलातून येतात, चपला हातात घेऊन. लाइट नाही. तिन्हीसांजेनंतर शिकवणीहून येणाऱ्या मुलींना घ्यायला आया कमानीपर्यंत चालत जातात, फुकटच्या बसला भेटायला. यात विनोद काय करायचा ते मला सुचत नाही.

खुर्ची डोक्यावर घेऊन मी चालायला लागलो. अप्पांना निम्म्या वाटेत दम लागला. खुर्ची खाली ठेवावी लागली. ते बसले, मी उभा. एवढ्यात तो हेल्मेटवाला पोरगा मित्राच्या स्कूटरवरून आला. अप्पा उठले, मागे बसले, खुर्ची मांडीवर उलटी घेतली. "तुमच्यानं न्हाई व्हायचं. या निवांत," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'बी' विंगला गेलो. अप्पा बाल्कनीत, तलावाकडे तोंड करून, माझ्या खुर्चीवर बसून अर्ज लिहीत होते. बस तलावापर्यंत वाढवा म्हणून. चांगला अर्ज होता. सुरुवात १९८७ पासून होती.

"तुमच्या हाफ तिकिटाचाबी मुद्दा घालूया काय?" त्यांनी विचारलं.

"घाला की," मी म्हटलं. "आणि आता खुर्ची..."

"मग तर खुर्ची पुरावा झाली," अप्पा पेनाचं टोपण लावत म्हणाले. "निकाल लागंपर्यंत हिथंच राहू दे."