'आधी अभ्यास करा' म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, पुण्यातल्या आंबिल ओढ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "शहरामुळे ओढा रुंद होतो हा जावईशोध आहे, अतिक्रमणाने तो अरुंद झालाय हे शाळकरी पोरही सांगेल, आधी अभ्यास करा." अहो, हेच सरळ भाषेत नाही का सांगता येत? 'जावईशोध' काय, 'शाळकरी पोर' काय!

एक मान्य, लेखातला नकाशा फारच बारीक आलाय, मोबाईलवर काही दिसत नाही.

आता तो जावईशोध. तो माझा नाहीच, वोल्मन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1967 सालीच मांडलाय. बांधकामं चालू असतात तेव्हा खणलेली माती ओढ्यात येते, तळ वर येतो. मग सगळीकडे काँक्रिट झालं की माती यायची थांबते, पण पूर्वी मुरणारं पाणी आता गटारांतून धाडकन येतं, साध्या पावसातसुद्धा, आणि ते तळ नि काठ खायला लागतं. पुण्यात तर बऱ्याच ठिकाणी खाली काळा कातळ, तो काय लगेच झिजणार, मग काठच जाणार ना? अतिक्रमण आहेच की, मी कुठे नाही म्हटलं! भिंती घालून ओढा आवळला की तेवढ्या पट्ट्यात पाण्याचा जोर वाढतो, भिंतीचा पाया उघडा पडतो आणि भिंत संपते तिथून पुढचा काठ खचतो. म्हणजे एकच ओढा इथे अरुंद, पुढे रुंद. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याच्या पुरात सीमाभिंती पडल्या, माणसं गेली, ते विसरलात वाटतं.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर माझं लहानपण सहकारनगरात गेलंय, या ओढ्यातून दगडांवर पाय देत पलीकडे जायचो आम्ही. आज तिथे उतरायला शिडी लागेल. तुमच्या बाल्कनीतून ओढा दिसत नसावा बहुतेक.

बाकीचं थोडक्यात. ओढा पेशवाईतच वळवला होता म्हणता, खरंय, नानासाहेब पेशव्यांनी, त्यातूनच पर्वतीचं तळं झालं जिथे आज सारसबाग आहे, पण तेव्हा कात्रजपासून खाली सोसायट्या नव्हत्या हो! आणि खडकवासल्याचं पाणी सोडल्याने पूर आला म्हणता, ते पाणी मुठेत येतं, या ओढ्यात नाही, त्यावर काय बोलायचं.

तुमची कॉमेंट उडवलेली नाही, राहू दे तशीच. पण पुन्हा कुणाला शाळकरी पोर वगैरे म्हणालात तर मात्र उडवीन.