मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

उन्हाळा लागला की वीजबचतीचा एक संदेश हमखास फिरू लागतो. चार्जरचे प्लग काढून ठेवले की बिल निम्म्यावर येते, पंख्याचा वेग कमी केल्याने वीज वाचत नाही, गिझर सारखा बंद-चालू करण्यापेक्षा चालूच ठेवणे स्वस्त पडते आणि शेवटी थेंबे थेंबे तळे साचे, असा त्याचा मजकूर. आमचे वडील तो शब्दशः पाळतात. रात्री झोपण्यापूर्वी ते घरभर फिरून एकेक चार्जर काढतात, तेव्हा न्हाणीघरातील गिझरचा तांबडा दिवा मात्र लागलेलाच असतो.

फोन न जोडलेला आजचा चार्जर साधारण ०.२ वॅट वीज घेतो, म्हणजे महिनाभर अखंड लावून ठेवला तरी युनिटचा जेमतेम सातवा भाग होतो. याउलट पंधरा लिटरची एक बादली पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे ०.४४ युनिट लागते. एका आंघोळीच्या बादलीत चार्जरचे तीन महिने निघतात. प्लग काढण्याला सुरक्षिततेचे कारण असू शकेल, पण बिलाचे नाही. सेट-टॉप बॉक्सची गोष्ट वेगळी आहे, कारण टीव्ही बंद असतानाही पुष्कळ बॉक्स हाताला कोमट लागतात आणि दहा वॅट खाणारा बॉक्स महिन्याला सात युनिटे घेतो. तेवढ्यापुरता संदेशाचा सल्ला योग्य आहे.

रेग्युलेटरविषयीचे विधान एके काळी बरेचसे खरे होते. जुन्या, ठोकळ्यासारख्या रेग्युलेटरमध्ये वाचलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जात असे. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वेग कमी केला की वीज खरोखरच वाचते. पण संदेशाची खरी चूक अशी की, पंख्याबद्दल बोलायचे ते त्याने बोललेलेच नाही. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटे होतात आणि असे तीन पंखे असले तर ८१. त्यांच्या जागी तीस वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे लावले तर हाच आकडा ३२ वर येतो. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे वरचा दर लागत असल्यामुळे, १३०-१४० युनिटे वापरणाऱ्या घरात ही ४९ युनिटे आधी त्या महाग टप्प्यातून कमी होतात.

गिझरचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. टाकीतील पाणी जितका वेळ गरम राहते तितका वेळ उष्णता बाहेर जात राहते आणि ती भरून काढण्यासाठी गिझर पुन्हापुन्हा सुरू होतो. आंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटे लावून नंतर बंद करणे केव्हाही स्वस्तच.

राहिली म्हण. तळे साचायला थेंब पुरेसे मोठे लागतात. सहा चार्जर मिळून महिन्याला एक युनिटही होत नाही. छोट्या सवयीतून पुढे मोठी बचत आपोआप होते, असे यावर सांगितले जाते. आमच्या घरी उलटेच झाले: प्लग काढल्याचे समाधान इतके पुरले की पंखे बदलण्याचा विषय दोन उन्हाळे निघालाच नाही.