घरपट्टी वाढली तेव्हा सभागृह रिकामं होतं

परवा आमच्या प्रभागातले नवीन नगरसेवक घरी आले होते, आभार मानायला. पाणी दिलं, बसवलं, आणि म्हटलं दादा, आभार राहू द्या, बजेटच्या सभेत घरपट्टीवर काय बोलणार तेवढं सांगा. ते लगेच म्हणाले, "ताई काळजीच करू नका, सगळी वाढ रद्द करून देतो." खरं तर हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. रात्री झोपसुद्धा नीट लागली नाही, म्हणून आज बसून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, पण ज्यांच्या घरात आकारणीची नोटीस आलीय त्यांनी पूर्ण वाचा.

आधी थोडं मागे जाऊ. महाराष्ट्रात बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका नोव्हेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने झाल्या. मुदत पाच वर्षांची, म्हणजे २०२१ च्या शेवटी किंवा २०२२ च्या सुरुवातीला ती संपली. राज्यघटनेच्या कलम २४३ यू मध्ये स्वच्छ लिहिलंय की मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. झाली का? नाही. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता, मग त्याच आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, मग प्रभाग रचनेचे वाद, मग परत कोर्टाचा 'जैसे थे'चा आदेश आणि त्यात तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं चार महिन्यांत निवडणुका घ्या, त्यालाही पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि तेव्हा कुठे २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला लागलं. त्यातही काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं आणि मतमोजणी सगळ्यांची एकदम २१ डिसेंबरला झाली. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की ही जी मधली चार वर्षं गेली त्यात आमच्यासारख्या छोट्या गावांमध्ये नेमकं काय काय ठरवलं गेलं हे कुणी मोजलंच नाही.

त्या चार वर्षांत प्रशासक होते, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाच्या जागी कारभार बघणारा सरकारी अधिकारी. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक. म्हणजे मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून त्यांनीच तो मंजूर करायचा, याला प्रशासकीय ठराव म्हणतात. त्या अधिकाऱ्याला मी वाईट म्हणत नाही, काही फार चांगले असतात, नगरसेवकांपेक्षा वेळेवर कामं करतात, रस्ते पण बरे झाले काही ठिकाणी. पण समोर उठून "हे असं का?" विचारणारा एकही माणूस सभागृहात नाही, आणि त्याच काळात चतुर्थ वार्षिक कर आकारणी झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दर चार वर्षांनी नगरपरिषदेला गावातल्या सगळ्या मालमत्तांची आकारणी नव्याने करावी लागते, १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातच आहे ते. आपल्या घराचं वार्षिक भाडेमूल्य काढतात, म्हणजे हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, त्यातून देखभाल दुरुस्तीचे १० टक्के वजा करतात, राहतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर टक्केवारीने कर. समजा भाडेमूल्य १२,००० धरलं, १,२०० वजा झाले, करयोग्य मूल्य १०,८००, त्यावर कर समजा २५ टक्के, तर २,७०० रुपये. वर शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर असं एकेक चढत जातं. शिक्षण कर आणि दुकानांवरचा रोजगार हमी कर तर नगरपरिषदेचा नसतोच, तो राज्य सरकारचा, नगरपरिषद नुसती वसूल करून पुढे भरते, पण शिव्या मात्र खिडकीवरच्या लिपिकालाच.

सगळी मेख त्या पहिल्या आकड्यात आहे, भाडेमूल्यात. तुमचं घर कुठल्या झोनमध्ये धरलं, आरसीसी धरलं का पत्र्याचं, क्षेत्रफळ किती लावलं, स्वतः राहता का भाडेकरू आहे, यावर तो आकडा ठरतो. टक्केवारी एक पैशाने न वाढवता घरपट्टी दुप्पट होऊ शकते. आणि आमच्याकडे तेच झालं.

सर्व्हे करायला एजन्सीची पोरं आली होती, हातात टॅब, गळ्यात आयकार्ड. आमचं घर अण्णांनी बांधलेलं, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि मागे पत्रा. नोटीस आली त्यात सगळंच आरसीसी. मागचं मोकळं अंगण, जिथे आई अजून कपडे वाळत घालते, ते पण बांधकामात. शेजारच्या काकूंचं तर त्याहून वाईट. त्यांच्याकडे दोन लाईटचे मीटर आहेत, कारण काका असताना दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या, आता त्या एकट्याच राहतात आणि वरच्या मीटरचं बिल शून्याच्या आसपास येतं. पण दोन मीटर म्हणजे भाडेकरू असणार असं कुणीतरी टॅबवर टिक केलं आणि काकूंना भाड्याच्या घराचा रेट लागला. कुणी विचारलंसुद्धा नाही त्यांना!

हरकत घ्यायला महिनाभर मुदत असते. आम्ही दोघींनी घेतली. सुनावणीला गेलो तर हॉल भरलेला, म्हातारी माणसं कागद छातीशी धरून उभी, एकेकाला दोन-तीन मिनिटं. काकूंचा नंबर आला तेव्हा त्यांनी मीटरची बिलं काढली, समोरचा म्हणाला अर्जासोबत जोडा, काकू म्हणाल्या जोडलीयत, तो म्हणाला मग बघू, आणि पुढचं नाव पुकारलं. झालं. ते "बघू" अजून चालूच आहे. आता मला सांगा, त्या दिवशी त्या हॉलमध्ये वॉर्डाचा एक जरी नगरसेवक बसलेला असता, कसाही असता, कुठल्याही पार्टीचा, तर तो एवढं तरी म्हणाला असता की साहेब ही बाई एकटी राहते, मला माहितीय, माझ्याच गल्लीतली आहे. छोट्या गावात नगरसेवकाचा खरा उपयोग हाच असतो हो. त्याला घरं माहीत असतात.

म्हणून निवडणूक झाली याचा मला खूप आनंद झाला होता. दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष, तीन मतं द्यायची होती, आईला नीट समजावून घेऊन गेले. आणि प्रचारात काय ऐकलं तर प्रत्येक पॅनेलचं एकच, घरपट्टीवाढ रद्द. एकानेही सांगितलं नाही की मी चुकलेल्या नोंदी दुरुस्त करून घेईन.

हा फरक लोकांना लहान वाटतो, पण सगळं त्यातच आहे. सरसकट वाढ रद्द झाली की काकूंच्या घरावरचा भाडेकरूचा शिक्का तसाच राहतो, नुसता तो चार वर्षं झाकला जातो. आणि हायवेला ज्यांनी तीन मजली शोरूम बांधली आणि कागदावर अजून गोडाऊन आहे, त्यांची खरी आकारणी आत्ता कुठे झाली होती, तीही रद्द होते. मग फायदा कुणाचा झाला? काकूंचे वाचतील हजार-बाराशे. शोरूमवाल्याचे किती वाचतील ते तुम्हीच हिशोब करा.

आणि पैसे येणार कुठून हे पण कुणी बोलत नाही. १९९९ ला नगरपालिकांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, गेली, त्याच्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येतं, तेव्हापासून छोट्या नगरपरिषदेचं स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, मग पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. बाकी सगळा निधी वरून येतो आणि तो ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावावा लागतो. फुटलेली पाईपलाईन, घंटागाडीचं डिझेल, खांबावरचा गेलेला बल्ब, हे घरपट्टीतून होतं. १५ व्या वित्त आयोगाने तर राज्यांना सांगितलं होतं की मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा, तरच शहरांना अनुदान. लोक मुंबईचं उदाहरण देतात, ५०० चौरस फुटांपर्यंत माफ केलं २०२२ ला, पुण्यात ४० टक्के सवलत आहे, मग आपल्याला का नाही. मलाही वाटतं मिळावी, का वाटणार नाही? पण त्या महापालिकांकडे उत्पन्नाचे दुसरे मार्ग आहेत, आपल्याकडे ते नाहीत, आणि हे मतदाराला तोंडावर सांगायची हिंमत करणारा उमेदवार मला या वेळी एकही दिसला नाही.

अजून एक गोष्ट मनाला फार लागलीय ती सांगते. उमेदवारी अर्ज भरताना थकबाकी नाही असा दाखला लागतो. तर अर्ज भरायच्या आठवड्यात कर विभागाच्या खिडकीवर ही गर्दी! मी स्वतः पाणीपट्टी भरायला गेले होते, पुढे जे उभे होते त्यातले कित्येक जण चार-चार पाच-पाच वर्षांची थकबाकी एकदम भरत होते. म्हणजे पैसे होते. नव्हती ती भरायची गरज. ज्या माणसाने पाच वर्षं गावाला घरपट्टी दिली नाही आणि फक्त फॉर्म बाद होऊ नये म्हणून भरली, तो माझ्या घरपट्टीवर सभेत मत देणार. कायद्याने तो पात्र आहे, मान्य. पण अर्जासोबत मागच्या पाच वर्षांत बिल कधी आलं आणि कधी भरलं याच्या तारखा लावायला काय हरकत आहे, मतदाराला बघू तरी दे ना.

शास्तीचं पण तसंच. बिल वेळेत भरलं नाही तर महिन्याला २ टक्के शास्ती, वर्षाला २४ टक्के झाले ते, कुठल्याही गरीब माणसाला झेपणारं नाही हे. ते कमी झालंच पाहिजे, मी पहिल्यापासून म्हणतेय. पण दर कमी करण्याऐवजी आपल्याकडे अभय योजना येते, शास्ती माफ. मग अण्णांसारखी माणसं, ज्यांनी पेन्शनमधून दरवर्षी वेळेवर भरलं, त्यांना काय मिळालं? अण्णा शेवटच्या आजारपणात सुद्धा मला म्हणाले होते, मार्च आलाय, घरपट्टी भरलीस का. आणि याच मार्चमध्ये वसुली पथक फिरतं, छोट्यांचे नळ तोडतं, चौकात नावांचे फ्लेक्स लागतात. त्या फ्लेक्सवर मला कधी सरकारी ऑफिसचं नाव दिसलं नाही.

तर त्या नगरसेवक दादांना मी शेवटी काय म्हटलं ते सांगते. म्हटलं, वाढ रद्द नका करू. आपल्या प्रभागाची आकारणी यादी घ्या, घर नंबर, क्षेत्रफळ, स्लॅब का पत्रा, घरगुती का वाणिज्य, भाडेकरू हो का नाही, आणि ती यादी शाळेच्या पटांगणात मोठ्याने वाचा. दोन रविवार जातील. गल्लीतली माणसं बसलेली असतील तर कुणाचं खोटं टिकत नाही, ज्याचं जास्त लागलंय ते पण कळेल आणि ज्याचं कमी लागलंय ते पण. मग त्या दुरुस्त्या घेऊन सभेत उभे राहा, मी स्वतः तुमच्यासोबत प्रेक्षक गॅलरीत येऊन बसते.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ताई यादी वाचली तर आमच्याच माणसांची नावं निघतील त्यात.

मी म्हटलं निघू दे. काकूंचं पण निघेल.

बघतो म्हणाले आणि गेले. मी सोमवारी यादीच्या नकलेसाठी अर्ज टाकतेय, काकू सोबत येणार आहेत, मीटरची बिलं परत झेरॉक्स करून ठेवलीयत. आपल्या प्रभागातलं अजून कुणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, अकरा वाजता आवक-जावकच्या खिडकीपाशी भेटू.